विमा एजंट : ओळखी संपल्यावर खरी सुरुवात

ओळखीपाळखीच्या जोरावर पहिल्या चार-सहा पॉलिसी कुणालाही मिळतात. पण त्यानंतर काय? नवी गिऱ्हाइके येतात कुठून, टिकतात कशी, आणि अर्जातल्या एका चुकीच्या उत्तरापायी अख्खी गल्ली एजंटाला दार का बंद करते?

रविवारची सकाळ. पोहे खाऊन घरातली मंडळी वर्तमानपत्राची पाने वाटून घेऊन बसलेली. दारावरची बेल वाजते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाई डोकावतात आणि दबक्या आवाजात म्हणतात, ‘‘अहो, तो विम्यावाला आलाय. घरी नाही म्हणून सांगू का?’’

दाराबाहेरच्या माणसाला हे बहुतेक वेळा ऐकू जाते. नाही ऐकू आले तरी दार उघडायला लागलेल्या वेळावरून त्याला सारे कळते. तो हसतो, ‘‘पुन्हा येईन,’’ म्हणतो आणि जिना उतरतो. त्याच्या बॅगेत एक वही असते. तिच्यात त्या दिवसासाठी आणखी अकरा नावे असतात.

एकट्या भारतीय आयुर्विमा महामंडळाचे देशभरात तेरा लाखांहून अधिक एजंट आहेत. खाजगी कंपन्यांचे वेगळे. १९५६ साली तेव्हाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा निर्णय जाहीर केला. २४५ विमा कंपन्या आणि भविष्यनिर्वाह संस्था एकत्र करून त्याच वर्षी १ सप्टेंबरला महामंडळ उभे राहिले. पुढे १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण आले आणि २००० सालापासून खाजगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. आता बँकेत विमा मिळतो, मोबाइलवरही मिळतो. तरीही बॅग घेऊन जिने चढणारा माणूस काही नाहीसा झालेला नाही.

त्याचे कारण साधे आहे. साबण आणि साडी माणूस आपण होऊन विकत घ्यायला जातो. ‘उद्या मी नसलो तर’ हा विषय मात्र आपल्या घरात कुणी आपण होऊन काढत नाही. काढलाच तर ‘भरल्या घरात अभद्र बोलू नका’ म्हणून आजी गप्प करते. तो विषय काढायला कुणीतरी बाहेरचा माणूस लागतो. पण कुणाच्या घरी जाऊन काढायचा? या धंद्यातला सगळ्यांत अवघड प्रश्न हाच आहे. विमा घेऊ शकेल अशा माणसाच्या सुगाव्याला एजंट मंडळी ‘लीड’ म्हणतात. लीड मिळाली नाही तर एजंटाचा दिवस वाया जातो. मिळालेली लीड वाईट रीतीने हाताळली, तर नुकसान एका दिवसापुरते राहत नाही.

आहेराची वही

नव्या एजंटाला पहिला धडा मिळतो तो यादी करण्याचा. ‘ओळखीची शंभर नावे लिहून आणा,’ असे त्याला शाखेत सांगतात. शंभर हा आकडा ऐकून नवखा घाबरतो, पण मराठी घरात ही यादी आयती असते. कपाटाच्या वरच्या खणात आहेराची वही ठेवलेली असते. घरातल्या शेवटच्या लग्नात कोण आले, कुणी पातेले दिले, कुणी पाकीट दिले, हे सारे तिच्यात गाववार लिहिलेले असते. बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, जिथे मराठी घर आहे तिथे ही वही बहुधा सापडते. तिला सोसायटीतले शेजारी, शाळेतले जुने सोबती, भिशीतल्या बायका आणि गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तके जोडली की शंभराची दीडशे नावे होतात.

पहिले तीन-चार महिने ही वही पुरते. मामा एक पॉलिसी घेतो, कारण भाच्याला नाही कसे म्हणायचे? आत्याचे यजमान घेतात, कारण मामाने घेतली. शाखेत टाळ्या वाजतात. मग एक दिवस वहीची पाने संपतात. त्याच सुमारास मामाचा दुसरा हप्ता थकतो. भिडेखातर घेतलेली पॉलिसी अशीच असते. ती घरच्या गरजेतून घेतलेली नसते, त्यामुळे पैशांची ओढाताण झाली की सर्वांत आधी तिचाच हप्ता राहतो.

कित्येक नवे एजंट याच टप्प्यावर धंदा सोडतात. जे टिकतात, ते यादी नव्याने वाचायला शिकतात. प्रत्येक नावापुढे ते चार प्रश्न मांडतात. या माणसाच्या कमाईवर कुणी अवलंबून आहे का? हप्ता वर्षानुवर्षे भरण्याची त्याची ऐपत आहे का? वय आणि प्रकृती पाहता त्याला विमा मिळेल का? आणि त्याच्याशी निवांत अर्धा तास बोलता येईल इतका परिचय आहे का? चारही उत्तरे ‘हो’ आली तर नाव पहिल्या पानावर जाते. एकच अडले तर दुसऱ्या पानावर. बाकीच्यांना दिवाळीच्या शुभेच्छा द्याव्यात, विम्याचा विषय काढू नये. साठीच्या निवृत्त काकांमागे मुदत विमा घेऊन लागणे म्हणजे त्यांचाही वेळ घालवणे आणि आपलाही.

निमित्त आणि वेळ

माणसाला विम्याची गरज रोज जाणवत नाही. ती काही ठरावीक प्रसंगी जाणवते. नवी नोकरी लागली, लग्न ठरले, बारसे झाले, गृहकर्ज काढून वास्तुशांत केली, भागीदारीत दुकान टाकले, अशा वेळी घरात नवी जबाबदारी आलेली असते. ती नवरा-बायको दोघांच्याही मनात असते. अनुभवी एजंटाचे कान अशा बातम्यांकडे असतात. पाळण्यातल्या बाळासाठी झबले घेऊन तो जातो आणि विम्याबद्दल अवाक्षर काढत नाही. पंधरा दिवसांनी फोन करून वेळ मागतो.

कोणत्या वेळी बोलू नये, हेही तो जाणतो. तेराव्याच्या मांडवात, रुग्णालयाच्या बाकावर किंवा पंगतीत शेजारी बसून विमा विकणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो, पण चुकीच्या कारणासाठी.

पूर्वी जानेवारी ते मार्च हा एजंटांचा सुगीचा काळ असे. प्राप्तिकर वाचवायला म्हणून पगारदार माणूस स्वतःच फोन करी. २०२३ पासून सवलती नसलेली नवी करपद्धत आपोआप लागू होऊ लागली आणि हे निमित्त बरेच लंगडे पडले. एका अर्थाने ते बरेच झाले. कर वाचवायला घेतलेल्या पॉलिसीत घराला किती संरक्षण मिळते, याकडे ना घेणारा बघत असे, ना देणारा.

नवी नावे मिळवण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे आहे त्या विमेदाराकडून पुढची ओळख मिळवणे. तिथेही नवखा चुकतो. ‘‘तुमच्या ओळखीची दोन-चार नावे द्या ना,’’ असे मोघम विचारले की समोरचा म्हणतो, ‘‘आठवली की सांगतो.’’ ती कधीच आठवत नाहीत. जाणता एजंट नेमके विचारतो, ‘‘तुमच्या खात्यात यंदा कुणाचे लग्न झाले का?’’ किंवा ‘‘या इमारतीत नवीन कोण राहायला आले?’’ प्रश्न नेमका असला की नावही नेमके मिळते. ‘‘तुमचे नाव सांगून फोन केला तर चालेल ना?’’ ही परवानगी तो विसरत नाही आणि नंतर काय झाले तेही ओळख देणाऱ्याला आठवणीने कळवतो.

दहा, तीन, एक

या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे. दहा नावे घ्या, त्यांतली तीन माणसे बसून बोलायला तयार होतील आणि तिघांतला एक विमा घेईल. हा काही गणिताचा नियम नव्हे. कुणाचा हिशेब याहून बरा असतो, कुणाचा वाईट. पण त्याने दोन गोष्टी शिकवल्या जातात. पहिली म्हणजे, महिन्याला चार पॉलिसी हव्या असतील तर चाळीस नावे आणि बारा बैठका हव्यात. नावे रोज जमवावी लागतात, महिनाअखेरीला धावपळ करून भागत नाही. दुसरी म्हणजे, दहांपैकी नऊ जण ‘नाही’ म्हणणारच आहेत. तो नकार मनाला लावून घेतला तर माणूस आठ दिवसांत आजारी पडेल.

नकाराचेही प्रकार असतात. ‘‘विचार करून सांगतो’’ याचा अर्थ बहुधा ‘बायकोशी बोललेलो नाही’ असा असतो. अशा वेळी दोघे घरी असतील तेव्हाची वेळ मागावी. ‘‘मार्चनंतर बघू’’ म्हणणाऱ्याला खरोखरच एप्रिलमध्ये फोन करावा. तो करणारे फार थोडे असतात. ‘‘आमचा मेहुणाच एजंट आहे’’ हा मात्र खरा नकार. तिथे मेहुण्याची निंदा न करता उठावे. आणि ‘‘विमा काढला की माणूस जातो’’ असे कुणी म्हटले तर वाद घालू नये. चहा संपवावा, मुलांची चौकशी करावी. पुढच्या वेळी तीच माणसे जरा सैल होऊन बोलतात.

कागदावरचा हिशेब

वेळ मिळाली, दोघेही समोर बसले, की बॅगेतली रंगीत पत्रके लगेच बाहेर काढायची नसतात. आधी एक कोरा कागद काढायचा. समजा, घरखर्च महिन्याला पंचवीस हजार आहे, म्हणजे वर्षाला तीन लाख. कमावता माणूस नसेल तर मुले हाताशी येईपर्यंतची दहा वर्षे काढायला तीस लाख लागतील. गृहकर्ज बारा लाख उरले आहे. दोन मुलांच्या शिक्षणाला दहा लाख धरले. बेरीज झाली बावन्न लाख. भविष्यनिर्वाह निधी आणि ठेवी मिळून सात लाख आहेत. उरली तूट पंचेचाळीस लाखांची. महागाई आणि व्याज यात धरलेले नाही, हिशेब ढोबळच आहे. पण तो नवरा-बायकोंनी स्वतःच्या तोंडाने आकडे सांगून मांडलेला असतो, म्हणून पटतो.

एजंटाची खरी परीक्षा इथेच होते. पंचेचाळीस लाखांचा शुद्ध मुदत विमा, म्हणजे टर्म, तरुण आणि निरोगी माणसाला मानाने थोड्या हप्त्यात मिळतो. त्यात मुदतअखेर पैसे परत मिळत नाहीत आणि हप्ता लहान म्हणून एजंटाचे कमिशनही लहान. याउलट पाच लाखांच्या बचतीच्या पॉलिसीचा हप्ता मोठा, कमिशनही मोठे आणि ‘पैसे परत मिळतात’ म्हणून विकायलाही सोपी. बचतीची पॉलिसी वाईट असते असे नाही. ज्याच्या हातात पैसा टिकत नाही त्याला ती सक्तीची शिस्त लावते. पण पंचेचाळीस लाखांच्या तुटीवर पाच लाखांचे ठिगळ लावून ‘आता काळजी नको’ असे सांगणे ही फसवणूक आहे. ती ज्या दिवशी उघडी पडते, त्या दिवशी सांगायला तो विमेदार नसतो. त्याची बायको असते.

एका रकान्याची किंमत

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातली गोष्ट या धंद्यातल्या अनेकांना ओळखीची वाटेल. तिथला एक तरुण एजंट दुसऱ्या वर्षात होता. मार्चअखेर जवळ आली होती आणि उद्दिष्टाला थोड्याच पॉलिसी कमी होत्या. त्याच्याच गल्लीत इलेक्ट्रिकच्या सामानाचे दुकान चालवणारा चाळिशीचा माणूस आठ लाखांच्या विम्याला तयार झाला. अर्ज भरताना प्रकृतीचे प्रश्न आले तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘‘साखर जरा वाढलेली असते. सकाळी एक गोळी घेतो. ते लिहायचं का?’’

एजंटाने घड्याळाकडे पाहिले. साखर लिहिली की तपासण्या आल्या, जादा हप्ता आला, मार्च हुकला. तो म्हणाला, ‘‘एवढं तेवढं सगळ्यांनाच असतं हो.’’ आणि त्याने त्या रकान्यात ‘नाही’ लिहिले. दुकानदाराने विश्वासाने सही केली.

चौदा महिन्यांनी दुकानदार हृदयविकाराच्या झटक्याने गेला. पॉलिसीला तीन वर्षे झालेली नव्हती, म्हणून चौकशी झाली. डॉक्टरांकडचे जुने कागद निघाले. दावा नामंजूर झाला, भरलेले हप्ते तेवढे परत मिळाले. विमा कायद्याच्या ४५ व्या कलमानुसार पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाली की कोणत्याही कारणाने तिच्या वैधतेवर प्रश्न उभा करता येत नाही. पण त्याआधी महत्त्वाची माहिती दडवल्याचे आढळले, तर कंपनी दावा नाकारू शकते. सही दुकानदाराची होती. ‘लिहू नका’ म्हटले कुणी, हे कोणत्याच कागदावर नव्हते.

दुकानदाराच्या बायकोने आरडाओरडा केला नाही. तिने दुकान विकले आणि मुलीची शाळा बदलली. पण गल्लीत सगळ्यांना सगळे कळले. त्या संक्रांतीला एजंटाच्या आईला हळदीकुंकवाची बोलावणी आली नाहीत. त्याच्या वहीत त्या गल्लीतली साठ घरे होती. वर्षभरात त्यांतल्या एकाही घराने त्याला बसायला सांगितले नाही.

त्याने धंदा सोडला नाही, पण नव्या लीड शोधणे काही महिने थांबवले. जुन्या विमेदारांची यादी काढून तो एकेकाच्या घरी गेला आणि अर्जाची प्रत पुढे ठेवून म्हणाला, ‘‘यात काही राहून गेलंय का ते बघा. माझ्या हातून राहिलं असेल तर आता कळवू.’’ काहींनी शिव्या दिल्या. काहींचा हप्ता वाढला. दोघांनी त्याच्याकडची पॉलिसीच बंद केली. पण जे राहिले, त्यांचे कागद चोख झाले.

नंतर तीनेक वर्षांनी त्याच गल्लीतून एक फोन आला. ‘‘तुम्ही बारीकसारीक सगळं लिहायला लावता म्हणे. मला रक्तदाब आहे. माझा अर्ज तुम्हीच भरा.’’ आज त्या गल्लीतल्या बऱ्याच घरांचा विमा त्याच्याकडे आहे. दुकानदाराची बायको मात्र अजूनही त्याच्याशी बोलत नाही, आणि तिने बोलावे अशी अपेक्षाही तो ठेवत नाही.

आडवाटा

झटपट गिऱ्हाईक मिळवण्याच्या आडवाटा आणखीही आहेत. ‘पहिल्या हप्त्यातले थोडे पैसे मी परत देतो’ ही त्यातली सर्वांत वापरातली. विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने अशी सूट देणे आणि घेणे, दोन्हीला मनाई आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर यासाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सूट देऊन मिळवलेले गिऱ्हाईक पुढच्या वर्षी जास्त सूट देणाऱ्याकडे जाते, हा व्यवहारातला तोटा निराळाच.

दुसरी वाट, जुनी पॉलिसी मोडायला लावून नवी गळ्यात मारण्याची. जुनी मोडताना नुकसान बहुधा विमेदाराचे होते, नव्या पॉलिसीचे कमिशन एजंटाचे. तीन वर्षांचा हिशेबही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

तिसरी, कुठून तरी मिळवलेल्या फोन नंबरांच्या याद्या. दुपारी झोपेच्या वेळी अनोळखी माणसाला फोन करून विमा विकला जात नाही, शिव्या तेवढ्या मिळतात. ज्यांना असे फोन नकोत त्यांना १९०९ या क्रमांकावर नोंदणी करता येते. याच फोनांच्या गर्दीत भामटेही शिरले आहेत. ‘नियामक प्राधिकरणातून बोलतोय, तुमचा बोनस अडकलाय, आधी अमुक रक्कम भरा’ असा फोन आला तर तो खोटा समजावा. प्राधिकरण विमा विकत नाही आणि बोनसही वाटत नाही, असा इशारा त्याने स्वतःच वेळोवेळी दिला आहे.

पॉलिसी दिल्यानंतर

टिकलेल्या एजंटांच्या वह्या पाहिल्या तर एक गोष्ट दिसते. नव्या नावांच्या पानांपेक्षा जुन्या विमेदारांची पाने जास्त भरलेली असतात. कुणाचा हप्ता कधी, कुणाची सवलतीची मुदत संपत आली, याच्या त्या नोंदी असतात. वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्याला तीस दिवस, मासिक हप्त्याला पंधरा दिवस सवलत मिळते. त्या अवधीत एक फोन केला तर पॉलिसी बंद पडण्यापासून वाचते. कमिशन पहिल्या वर्षी सर्वांत जास्त आणि नंतर कमी असले, तरी पॉलिसी चालू राहिली तर ते वर्षानुवर्षे येत राहते. म्हातारपणी एजंटाचे घर त्याच्यावर चालते.

नॉमिनीचे नाव हा असाच दुर्लक्षित विषय. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीवर आईचे नाव असते. आई जाते, लग्न होते, मुले होतात, कागदावर नाव तेच राहते. वर्षातून एकदा ‘नॉमिनी कोण आहे, बघा बरे’ असे विचारणारा एजंट घरातला वाटू लागतो. व्यापारी माणसाला विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याची माहिती देणेही त्याचेच काम. त्या कायद्याखाली काढलेल्या पॉलिसीची रक्कम बायको-मुलांसाठी राखून राहते, सावकार-बँकांना तिच्यावर सहजी हात टाकता येत नाही. मात्र हे पॉलिसी काढतानाच ठरवावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला, तेव्हा ज्या एजंटांनी आपल्या विमेदारांना ही बातमी फोन करून सांगितली, त्यांनी विक्रीचा एक शब्दही न बोलता ओळख ताजी केली.

आणि शेवटी दावा. घरात माणूस गेलेला, कपाटात कागद सापडत नाहीत, मृत्यूचा दाखला आणायचा आहे, बँकेचा तपशील द्यायचा आहे, अर्ज भरायचे आहेत. त्या दिवसांत जो एजंट शांतपणे येऊन फाइल लावून देतो, शाखेत दोन खेपा घालतो, त्याच्याबद्दल त्या बाई पुढे आपण होऊन दहा घरांत सांगतात. त्याने नावे मागावी लागत नाहीत.

सखी दारात येते तेव्हा

आता हे काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढवण्याचा प्रयत्न चालू आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपत येथे पंतप्रधानांच्या हस्ते महामंडळाच्या ‘विमा सखी’ योजनेची सुरुवात झाली. दहावी पास, १८ ते ७० वयाच्या स्त्रियांना प्रशिक्षण मिळते आणि कमिशनखेरीज पहिल्या वर्षी महिना सात हजार, दुसऱ्या वर्षी सहा हजार आणि तिसऱ्या वर्षी पाच हजार रुपये विद्यावेतन ठेवले आहे. त्याला अटी आहेत. वर्षाला निदान २४ जणांचा विमा उतरवावा लागतो. पुढच्या वर्षीचे वेतन चालू राहायला आधीच्या वर्षातल्या किमान ६५ टक्के पॉलिसी चालू असाव्या लागतात.

या दुसऱ्या अटीत शहाणपण आहे. दहा-तीन-एकचा ठोकताळा लावला तर चोवीस पॉलिसींसाठी वर्षाला दोनशे चाळीस नावे लागतील, म्हणजे महिन्याला वीस. बचत गट आणि भजनी मंडळ असलेल्या बाईला ती अवघड नाहीत. पण मैत्रिणींच्या गळ्यात पॉलिसी मारल्या तर पुढच्या वर्षी त्या बंद पडतील आणि विद्यावेतनाबरोबर मैत्रिणीही जातील. स्त्रीला एक गोष्ट मात्र सोपी जाते. घरातल्या बाईशी ती ओट्यापाशी उभी राहून बोलू शकते. ‘हे नसले तर काय करशील?’ हा प्रश्न पुरुष एजंटाला जड जातो. एक बाई दुसरीला तो विचारू शकते.

पुढच्या रविवारी

म्हणून पुढच्या रविवारी बेल वाजली तर ‘घरी नाही’ असे सांगण्याऐवजी दार उघडावे आणि एजंटालाच काही प्रश्न विचारावेत. आमच्या घराला नेमका किती रकमेचा विमा हवा, ते कागदावर मांडून दाखवाल का? हीच पॉलिसी का, दुसरी का नको? मध्येच बंद केली तर हातात किती पडेल? अर्ज माझ्यासमोर भरून, वाचून दाखवून मगच सही घ्याल का? आणि तुमच्या हातून झालेला शेवटचा दावा कुणाचा होता, त्याला किती दिवस लागले?

घाईने पॉलिसी घेतलीच आणि ती पटली नाही, तर कागद हाती आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. तक्रार असेल तर आधी कंपनीकडे लेखी करावी आणि तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जावे. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे त्याची कार्यालये आहेत आणि तक्रारीला फी लागत नाही.

या प्रश्नांना जो एजंट बिचकतो, त्याला चहा देऊन निरोप द्यावा. जो खुर्ची पुढे ओढून कोरा कागद काढतो आणि म्हणतो, ‘‘वहिनींनाही बोलवा, हिशेब दोघांनी मिळून करू,’’ त्याला बसू द्यावे. त्याच्या वहीत आपले नाव असेल, तर असू द्यावे.